पाच फुटांचा पलंग

१ जानेवारी २००९, सकाळी
टाइलवाल्याने आमच्या बिल्डर शेठला डायरी दिली, शेठने मला दिली. रोज लिहायचं. इंग्लिशचे रोज पाच शब्द. तंबाखू बंद. सहा महिन्यांत मॅनेजर.

मागचं एकदाच लिहून टाकतो. जिंतूरहून नाशिकला येऊन दीड वर्ष झालं. आधी अंबडला, गाड्यांचे पार्ट करणाऱ्या कंपनीत. अमेरिकेत बँका बुडाल्या आणि आमच्या कंपनीची एक पाळी बंद झाली. ती नेमकी माझी. अमेरिकेला माझी पाळी कशी कळली, माहीत नाही. मग धरणाजवळच्या रिसॉर्टवर वेटर. तिथं पाहुणेच येईनात. शेवटच्या आठवड्यात आम्ही सात वेटर एकमेकांना वाढत होतो. आता पाथर्डी फाट्याला बिल्डिंगच्या साइटवर वॉचमन.

इंडस्ट्री झाली, टुरिझम झालं, आता प्रॉपर्टी. एवढा अनुभव सातवी नापास माणसाला सहसा मिळत नाही.

इथं सरुबाई झाडू मारते. हरसूलकडची. म्हणाली, "तू पाय ठेवतो तिथं टाळं लागतं म्हनं. हितं जरा गेटाबाहेरच ऱ्हा."
अडाणी बाई.

संध्याकाळी
तंबाखू खाल्ली. पहिला दिवस धरायचा नसतो.

६ जानेवारी
राहायला सँपल फ्लॅट. गिऱ्हाइकाला दाखवायला तळमजल्यावर एकच फ्लॅट सजवलाय, वर नुसते कॉलम. मजूर दिवाळीला गावी गेले ते आलेच नाहीत. मंदी. शेठने सांगितलं, रात्री आत झोप, म्हणजे सामानावर लक्ष राहील.

सगळं आहे. टीव्ही आहे, आत काही नाही. फ्रिज आहे, थंड होत नाही. टेबलावर प्लॅस्टिकची फळं, दर सोमवारी धुऊन ठेवतो. नळ आहेत, पाणी नाही. कमोड आहे, पण खाली काही जोडलेलं नाही. त्यासाठी पलीकडचा मोकळा प्लॉट.

पलंग मुद्दाम पाच फुटांचा केलाय, खोली मोठी दिसावी म्हणून. मी पाच फूट आठ इंच. पाय बाहेर राहतात. हवा लागते, बरं असतं.

१४ जानेवारी, संक्रांत
सेल्सच्या रेहाना मॅडमनी नोकरी सोडली. तीन महिन्यांत गिऱ्हाईक एक नाही, बसून बसून पाठ धरली म्हणाल्या. जाताना ब्रोशर मला दिलं. शेठ म्हणाले, कोणी आलंच तर तूच दाखव. म्हणजे प्रमोशन.

ब्रोशर पाठ करतोय. थ्री साइड ओपन. फ्युचर व्हॅल्यू. इंग्लिशचे आजचे पाच शब्द झाले.

२० जानेवारी
सायखेड्याहून सुलाआत्याचा फोन. बाबांची बहीण. या भागात आपलं म्हणावं असं तेवढंच माणूस. विचारलं, राहतोस कुठं. म्हणलं, फ्लॅटमधे. खोटं काय आहे? स्वतःचा का? म्हणलं, सध्या मी एकटाच असतो. हेही खरंच.

२५ जानेवारी
रविवारी गिऱ्हाईक येतं म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. एक कुत्रं येऊन गेलं. त्यालाही आतून पाहिल्यावर पटलं नाही.

३ फेब्रुवारी
आत्याने स्थळ आणलं! मुलगी तृप्ती. डी.एड., नुकतीच नाशिकच्या शाळेत लागली, रोज गावाहून एसटीने जाऊन-येऊन करते. वडील हिरामणतात्या, द्राक्षवाले. ओझरकडची थोडी जमीन हायवेत गेली, तो पैसा बँकेत पडून. माणसं घर बघून मुलगी देणारी.

आत्याने परस्पर सांगून टाकलंय की मी बिल्डरकडे मॅनेजर आहे. मी खोडलं नाही. जूनपर्यंत होणारच आहे.

पलंग, कपाट मुलीकडून देणार म्हणाली. म्हणलं, पलंग आहे माझ्याकडं. आत्या म्हणाली, "असू दे. पलंग मुलीकडूनच यावा लागतो. तो आला की लग्न झाल्यासारखं वाटतं."

जिंतूरला आईला फोन केला. रडली. धाकट्यालाही स्थळं येतायत, पण थोरला बिनलग्नाचा म्हणून परत जातात. म्हणाली, आता तुझ्यावर आहे बाबा. म्हणजे जमलंच पाहिजे.

१४ फेब्रुवारी
माणसं उद्या येणार. शेठ उद्या शिर्डीला. देव पाठीशी आहे.

तयारी: दारावर 'सँपल फ्लॅट' पाटी आहे, खिळे निघेनात. वरून झेंडूचं जाड तोरण सोडलं. बायका आल्या की आधी नळ सोडून बघतात. म्हणून ओट्याच्या नळामागून रबरी पाइप बांधला, भिंतीला भोक पाडून बाहेर काढला. बाहेर सरुबाई बादली आणि नरसाळं घेऊन बसणार. मी खोकलो की ओतायचं. बदल्यात तिला प्लॅस्टिकच्या द्राक्षांचा घड.

चूक व्हायला जागाच ठेवली नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार, दुपारी
उत्तम झालं. सविस्तर लिहितो.

आत्या, हिरामणतात्या, तृप्तीची आई आणि तृप्ती. दारातच तृप्तीने तोरण जरा वर उचलून बघितलं, परत सारखं केलं. मुलीला घराची आवड आहे.

हिरामणतात्यांनी टेबलावरचं द्राक्ष तोंडात टाकलं. बराच वेळ चावलं. मग हातात काढून बघितलं. मला वाटलं संपलं. पण म्हणाले, मण्याची साइज चांगली आहे, औषध कोणतं मारतात?

तृप्तीच्या आईने नळ सोडला. मी खोकलो. पाणी आलं! आईने नळ बंद केला. पाणी येतच राहिलं, कारण सरुबाईला कुठं दिसतंय. म्हणलं, चोवीस तास पाणी. शेवटी बादलीच्या तळाचं, वाळूचं पाणी आलं.

तात्यांना मोकळं व्हायचं होतं. म्हणलं, वास्तुशांत झाल्याशिवाय आम्ही ते वापरत नाही. तात्या म्हणाले, कडक पाळता. मग विटांच्या मागं गेले.

शिक्षण विचारलं. तोंडातून निघालं, थ्री साइड ओपन. पुढची स्वप्नं काय, विचारलं. म्हणलं, फ्युचर व्हॅल्यू चांगली आहे. त्यानंतर ब्रोशर थांबलंच नाही. बांधकाम, मंजुरी, लिफ्ट, समोर होणारा रस्ता. तृप्ती वहीत लिहून घेत होती. एखाद्या पोराचं बोलणं कोणती मुलगी लिहून घेते?

बेडरूममधे ती पलंगाजवळ थांबली. माझ्याकडं बघितलं, पलंगाकडं बघितलं.
"तुम्ही यावर मावता का?"
म्हणलं, सवय आहे.
हसली.
पसंती.

१६ फेब्रुवारी
सरुबाईचा हात दुखतोय. सात बादल्या झाल्या म्हणते. द्राक्षांचा घड घेऊन गेली, त्यातला एक मणी चावलेला होता म्हणून वाद घातला. तिलाही सांगितलं, पोरगी हसली. ती म्हणाली, "मी बी हसले व्हते भितीमागं. माझ्याशी लगीन लावतो का?"

२२ फेब्रुवारी
हिरामणतात्या आणि तृप्ती परत आले. मला भेटायच्या आधी थेट शेठच्या केबिनमधे. बरोबरच आहे. इथं माझे आईबाप नाहीत, शेठच वडिलांच्या जागी. बोलणी तासभर चालली. मी चहा नेला तेव्हा शेठ बऱ्याच दिवसांनी हसत होते. पाडव्याचा मुहूर्त धरायचं चाललं होतं.

जाताना तृप्ती थँक्यू म्हणाली. इंग्लिशमधून.

शेठ म्हणाले, तू तर कमाल केलीस रे. माझा ऊर भरून आला. आईला फोन केला, म्हणलं पाडव्याला ठरतंय. आईने धाकट्याच्या स्थळाला होकार कळवला.

२७ मार्च, पाडवा
सकाळी नवा शर्ट. हिरामणतात्या पेढे घेऊन आले, शेठसोबत कागदांवर सह्या केल्या. मला कोणी बसवलं नाही. मी उभाच होतो, आणि तरी कळायला वेळ लागला. फ्लॅट घेतला. तयार तेवढा हाच, म्हणून हाच. मंदीचा भाव. नळ, पाइप, सगळं शेठ महिन्याभरात जोडून देणार.

आत्याला फोन लावला.
"अरे, त्यांना घर पसंत पडलं. पोरगा नाही."
तृप्तीचं वीज मंडळातल्या वायरमनशी ठरलंय. शाळा जवळ पडते म्हणून राहायला इथंच.

शांतपणे विचार केला. अख्ख्या नाशिकमधे बिल्डिंगा पडून असताना मंदीतला आमचा पहिला फ्लॅट कोणी विकला? मी. शेठना कमिशनचं बोललो. म्हणाले, नोकरी राहिली तेच कमिशन समज.

संध्याकाळी सँपलमधून सामान हलवलं. एक ट्रंक. आता सिमेंटची पोती ठेवायच्या खोलीत. दार नाही, पण हवा भरपूर.

आईला अजून सांगितलं नाही. धाकट्याचा साखरपुडा झाला की सांगू.

२७ एप्रिल, अक्षय्य तृतीया
वास्तुशांत. सकाळपासून गेटवर मी. टेंपो आत घेतला, गाड्या लावून दिल्या. वायरमन आला, आठवड्यापूर्वी तृप्तीशी लग्न झालेला. पाच फूट दहा तरी असेल. माझ्याशी हात मिळवला. चांगला माणूस आहे, काय करणार.

जेवणात पुरणपोळी, आमरस. तीनदा घेतलं. सरुबाई शेजारी बसली होती, पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. आपल्या ताटातली पोळी माझ्या ताटात टाकली. तेवढं नको होतं.

दुपारी नवा मोठा पलंग आला. जुना दारात आडवा पडला, कोणाला पाय ठेवायला जागा नाही. तात्या म्हणाले, भंगारात द्या. तृप्ती बाहेर आली. हळदीची साडी. म्हणाली, "नको. तो त्यांना द्या. त्यांना सवय आहे."

चार जणांनी उचलून सिमेंटच्या खोलीत आणून ठेवला. वर तिने चादर पण दिली.

पाच वाजता आईचा फोन. धाकट्याच्या सासरकडचे विचारतायत, थोरल्याचं कुठवर आलं. आई म्हणाली, खरं सांग.
म्हणलं, मुलीकडून पलंग आला.
आई म्हणाली, आणि मुलगी?
म्हणलं, ती पण आजच राहायला आली. आम्ही एकाच बिल्डिंगमधे असतो.

खोटं काय आहे त्यात?