जोसिमारने सांगू नकोस म्हटलेलं

आई,

दुरूनच आशीर्वाद मागते.

तुझा लेक, आपला जोसिमार, सोमवारी गेला. झोपेतच गेला. त्याला इथे साओ लुईस शहरातच पुरावं लागलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याच्या यकृताच्या आजाराचा विषाणू आफ्रिकेतल्या जातीचा आहे. आपल्या पूर्वजांना गुलाम म्हणून बेड्या घालून ब्राझीलला आणलं, तेव्हा त्यांच्या रक्तातून इथे आला. हा आजार बाळंतपणात आईकडून बाळाला होतो.

हे ऐकल्यावर जोसिमार मला म्हणाला, "एदिल्झा, आईला सांगू नकोस. जन्मभर स्वतःला बोल लावत बसेल."

पण धाकट्या दाल्वाचे दिवस भरत आलेत, आणि तिच्याही रक्तात तो असू शकतो. बाळाला जन्मल्याबरोबर लस टोचली, तर ते वाचेल. तिला घेऊन लगेच ये.

तुला तरी कुठे ठाऊक होतं गं? जेवतेस ना?

आलीस की आपण त्याच्यापाशी बसू.

तुझी,
एदिल्झा