उरलं तर मी घेईन

बाबा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुम्हाला साधं काही सांगायचं म्हटलं तरी आधी मधलं सगळं समजावून सांगावं लागतं. आपली बोरीवलीची बिल्डिंग पाडली. तिथे आता मोठा टॉवर उभा राहतोय, त्यात आपल्या जागेच्या बदल्यात घर मिळणार आहे. तोवर बिल्डर भाडं देतो आणि मी दोन गल्ल्या सोडून राहते. घर खाली करताना त्याने प्रत्येकाला एक रक्कमही दिली. आई गेल्यावर घर माझ्या नावावर झालं होतं, त्यामुळे ते पैसे माझ्याकडे आले. मी शेवटपर्यंत लग्न केलं नाही. पुढच्या वर्षी अंधेरीच्या ऑफिसातून रिटायर होईन, पेन्शन नाही, तेव्हा हे पैसे म्हणजेच माझं म्हातारपण. त्यातले बरेचसे मी गेल्या महिन्यात शेअर बाजारात लावले. घाबरू नका, सगळं नीट झालं. नीट झालं म्हणूनच लिहायला बसले आहे, नाहीतर कुठल्या तोंडाने लिहिलं असतं?

शेअर म्हटलं की तुमच्या कपाळावर आठी चढायची ते मला आत्ताही दिसतंय. मला नोकरी लागली त्या वर्षी ऑफिसातल्या सगळ्यांनी एका कंपनीचे फॉर्म भरले होते आणि मीही एक घरी आणला होता. तुम्ही जेवत होता. फॉर्म हातातही घेतला नाहीत. "मिल बंद पडली तेव्हा शेअरवाले खय होते ता विचार. जुगार तो जुगार," एवढंच म्हणालात आणि आमटी मागितलीत. मी फॉर्म फाडला. पुण्याला बदली मिळत होती तेव्हाही तुम्ही नको म्हणालात, मी गेले नाही. पोस्टात पैसे ठेव म्हणालात, ठेवले. माझी तक्रार नाही. तुमचं नको म्हणणं इतकं शांत असायचं की त्याच्याशी भांडताच यायचं नाही.

पण बाबा, मी जे केलं ते तुम्हीही करत होता. दर रविवारी, मच्छी मार्केटात, माझ्या डोळ्यांसमोर. आठवतं का? गोराईहून येणारी ती कोळीण मावशी, कोपऱ्यात बसायची, तुम्हाला दादूस म्हणायची. तिच्याकडचे बांगडे तुम्हाला हवे असायचे, पण ती सांगेल त्या किमतीला नाही. मग तुम्ही दोघं एक ठरवायचात. अमुक दिवशी मोठा माल येणार असेल, तर संध्याकाळी कामावरून येताना तुम्ही तिच्याकडे जायचं, आणि जे उरलं असेल ते आधी ठरवलेल्या कमी भावाला घ्यायचं. माल खपला तर तिचं भलं, नाही खपला तरी तो तिच्या गळ्यात पडणार नाही. ह्या शब्दाबद्दल ती तुम्हाला तिथल्या तिथे वाटाभर करंदी, म्हणजे ती बारीक कोळंबी, द्यायची, फुकट. बहुतेक वेळा तिचा माल खपायचा आणि आपण नुसतीच करंदी खायचो. तुम्ही मात्र शब्द दिल्या दिवशीच बांगड्यांचे पैसे वेगळे काढून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचात, आणि मधल्या दिवसांत आई कशासाठीही मागायला आली तरी त्यांना हात लावायचा नाही.

मी तेच केलं. मला एका रंग बनवणाऱ्या कंपनीचे शेअर बरीच वर्षं घ्यायचे होते. कंपनी चांगली, भाव मात्र कायम चढा. तर बाजारात अशी सोय आहे, की आपण शब्द द्यायचा: महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी हा शेअर अमुक भावाच्या खाली असला, तर त्या अमुक भावाला मी घेईन. ह्याला पुट विकणं म्हणतात. शब्द दिला की लगेच थोडे पैसे खात्यात येतात, ते आपले, काही झालं तरी परत द्यायचे नाहीत. त्यांना प्रीमियम म्हणतात, ती आपली करंदी. भाव वरच राहिला तर शेअर मिळत नाही, करंदी तेवढी राहते. खाली गेला तर बाजारात तो कितीही स्वस्त मिळत असो, आपल्याला ठरल्या भावालाच घ्यावा लागतो, आणि थोडाथोडका नाही, अख्खा लॉट, म्हणजे शेकडो शेअरचा एक गठ्ठा. म्हणून मी त्या लॉटचे सगळे पैसे वेगळे ठेवले. बाजार एवढे मागत नाही, एक हिस्सा दाखवला तरी त्याला चालतं. आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक मुलगा बसतो, माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, मला ह्यातलं सगळं त्यानेच शिकवलं. तो माझ्यावर हसायचा.

"ताई, एवढे पैसे नुसते ठेवून त्याचं काय लोणचं घालणार? त्यात चार लॉट बसतात यार. चौपट प्रीमियम."

"आणि चारही घ्यायची वेळ आली तर?"

"नाही येत गं. एवढा खाली नाही जात तो."

खोटं कशाला सांगू, मोह झाला. कॅल्क्युलेटर काढून चौपट किती होतात तेही बघितलं. चारचे पैसे माझ्याकडे नव्हते, म्हणून एकच विकला. त्याने चार विकले.

आणि मग मी काय केलं माहीत आहे? तुम्ही अंगारकीला केलं होतं तेच. त्या रविवारी मावशीने विचारलं, "मंगलवारी मोठा माल हाय दादूस, उरला तर नेशील ना?" तुम्ही भाव ठरवलात, करंदी घेतलीत, मी पिशवी धरून उभी होते. भावावरून तिच्याशी चांगली घासाघीस केलीत. तो मंगळवार अंगारकी आहे हे काही तुमच्या ध्यानात आलं नाही. दर महिन्याला तारखा बघून उपास करणारी बायको घरात, भिंतीवर कॅलेंडर, आणि तुम्ही असे. अंगारकीला मराठी माणूस मासळी बाजाराकडे फिरकत नाही. संध्याकाळी मी तुमच्याबरोबर गेले तर टोपली जवळजवळ भरलेली. मावशी पदराआड हसत होती. "मना वाटला तुला म्हायती हाय. होडी काय पंचांग बघून येतं?" मी तुमचा हात ओढून म्हटलं, तिला सांगा ना, आज नको. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "रविवारी करंदी खाल्लंस ना? ती आता पोटातसून काढून देतलंस?" आणि आतल्या खिशातले पैसे काढून तिच्या हातावर ठेवलेत.

घरी आई मोदक वळत होती. दारातच तिला वास आला. "आज अंगारकी आसा, कळता काय तुमका? ह्या घरात आज मासे येवचे नाय." ती टोपली शेवटी समोरच्या ख्रिश्चन आंटींच्या फ्रिजमध्ये गेली. त्यांनी त्यातले थोडे लगेच तळले, आणि आई उपाशीपोटी चंद्राची वाट बघत असताना तळणीचा वास जिनाभर. आई तुमच्याशी बोलत नव्हती आणि तुम्ही गॅलरीत उभे राहून खांदे हलवत हसत होता. बुधवारी मात्र अख्ख्या मजल्याने बांगडे खाल्ले, आईनेही.

तर मीही भाव बघितला, कॅलेंडर बघितलं नाही. शब्द दिला त्या तारखेपासून शेवटच्या मंगळवारापर्यंतच्या मधल्या दिवसांतच कंपनीचा तिमाही निकाल होता. अकाउंट्समध्ये जन्म घालवलेली बाई, निकालाची तारीख बघायला विसरते. निकाल वाईट लागला. सकाळी बाजार उघडला आणि शेअर माझ्या भावाच्या बराच खाली जाऊन बसला. शेजारच्या टेबलावरून नुसतं "वाट लागली, वाट लागली" ऐकू येत होतं. वाटलं, घर पाडून मिळालेले पैसे, आणि मी ते असे घालवले. दुपारी डबा उघडला आणि तसाच परत झाकला. मग कुठून कोण जाणे, तुमची ती बांगड्यांची टोपली आठवली आणि मला कॅन्टीनमध्ये एकटीलाच हसू फुटलं. समोरच्या बायकांना वाटलं ह्यांचं डोकं फिरलं.

हसून झाल्यावर विचार केला. माझं नेमकं गेलं काय? हा शेअर मला हवाच होता, ह्या भावाला हवा होता, पैसे बाजूला होते. पूर्वी जो भाव स्वप्नातला वाटायचा त्याच भावाला तो मिळणार होता, वर करंदी आधीच खाल्लेली. त्या मुलाला मंगळवारपर्यंत थांबता येईना. चार लॉट घ्यायला पैसे कुठून आणणार? त्याने तोटा सोसून बाहेर पडायचं ठरवलं, त्यासाठी त्याचे म्युच्युअल फंड मोडावे लागले. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी चहा घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, तू झोपतेस कशी गं?" मी म्हटलं, आडवी पडते आणि झोपते. खरंच झोप लागत होती. मंगळवार आला, पैसे गेले, शेअर आले. अजूनही त्यांचा भाव मी दिलेल्या भावाच्या खालीच आहे, मला घाई नाही. कंपनी रंग विकते आहे, वर्षाला थोडाफार डिव्हिडंड देईल, आणि नवीन घराच्या भिंतींना कुणाचा तरी रंग लागणारच आहे.

हे सगळं तुम्हाला कौतुकाने सांगावं म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. तुमची मुलगी तुमच्यासारखीच वागली, शब्दाला जागली, असं काहीतरी. तेवढं लिहून थांबले असते तर बरं झालं असतं. पण शेअर खात्यात आलेले बघितले तेव्हा पहिल्यांदा मनात जे आलं ते हे नव्हतं. मनात आलं, की बाबा असते तर हे मला करताच आलं नसतं. तुम्ही जेवता जेवता नको म्हणाला असता, आमटी मागितली असती, आणि मी ऐकलं असतं. तुम्ही नाही ह्याचं इतकी वर्षं मला फक्त वाईटच वाटत आलंय. त्या दिवशी पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं.

हे पत्र तुमच्या फोटोपुढे ठेवणार होते. आता नाही ठेवत.