काठीखाली पडल्यावर

शुक्रवार पेठ, सोलापूर
ता. १२ डिसेंबर १९३४

प्रिय रुद्रप्पा,

अक्षर बघून हसशील. खुशाल हस. गळ्याला हनुवटीपासून छातीपर्यंत कातड्याचा पट्टा आहे, मान खाली जातच नाही. म्हणून कोनाड्यात फळी उभी केलीय, तिच्यावर कागद टाचलाय आणि समोर उभा राहून शिसपेन्सिलीनं लिहितोय. चार ओळी झाल्या की खांदा भरून येतो, मग खुर्चीत टेकतो, मग पुन्हा उठतो. एवढं पाल्हाळ अशासाठी, की मी उभा राहतो हे तुला माझ्याच हातून कळावं. आप्पा दुकानावर गेलेत, घरात चिटपाखरू नाही. रोज या वेळेला तुझी अव्वा येते. काल आली नाही, आजही नाही. ती का आली नाही ते सांगायलाच बसलोय, म्हणजे उभा राहिलोय. पण मला सरळ सुरुवात करता येत नाही, लहानपणापासूनची खोड आहे, तुला ठाऊकच आहे.

दवाखान्यात दहा आठवडे होतो. डोक्याला पट्टे बांधून उशाकडून वजन लोंबत ठेवलेलं, मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, आणि डोळ्यांपुढं चोवीस तास ते एकच छत. शिंकायचीसुद्धा भीती वाटायची. डावा हात तर माझा वाटतच नव्हता, कुणी तरी शेजारी आणून ठेवल्यासारखा पडलेला असायचा. पहिल्या आठवड्यात सगळी पेठ लोटली होती. रुद्राक्ष काय, अंगारे काय. कुणी तर हाडवैद्याला घेऊन आलं, एका झटक्यात मान बसवतो म्हणाला. डॉक्टरांनी त्याला जिन्यापर्यंत पळवलं, नाहीतर आज हे पत्र नसतं. मग माणसं पातळ होत गेली. त्यांचं तरी काय चुकलं? पडलेल्या माणसाशी रोज रोज बोलणार काय! महानंदाच्या माणसांनी बार्शीहून निरोप धाडला की सोयरिकीचा योग नाही. वैशाखात तिचं लग्न झालं, विजापूरला. घरी आल्यावर पाच महिने फळीवर उताणा होतो. आमच्या धाब्यातल्या तुळईला मधोमध एक गाठ आहे, तिच्याशी मी बोलायचो. खरंच सांगतो, तिला बरं आहे का विचारायचो.

श्रावणात पहिल्यांदा बसवलं तेव्हा घर गरगर फिरलं आणि मी आप्पांच्या अंगावर ओकलो. मग काठावर बसणं, मग उभं राहणं, मग भिंत धरून दारापर्यंत. डॉक्टरांनी बजावलंय, घाई केलीस तर मिळवलेलं जाईल, आणि आळस केलास तरी जाईल. सकाळ-संध्याकाळ हाताची मूठ वळायची, सोडायची, खांदे उचलायचे, सोडायचे. ओझं जन्मात उचलायचं नाही. म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली मानाची काठी पेलणं गेलं. आमच्या घराण्याचा मान चुलतभावाकडं गेला. गणपतीत एकदा आप्पा माझा काठी पेलायचा कमरेचा पट्टा तेल लावून पुसताना दिसले, आणि मला बघून त्यांनी तो पाठीमागं लपवला.

तो दिवस तुला सांगायला नको, पण मला सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. सिद्धेश्वराच्या यात्रेला महिनाभर अवकाश होता. पेठेमागच्या मैदानात सरावाची काठी, मी पुढं, तू मागं आधाराला. वीस हातांची उभी काठी कमरेच्या पट्ट्यात पेलायची तर पट्टा आवळून बांधायचा, नजर शेंड्यावर ठेवायची आणि तोल गेला की काठीशी झटायचं नाही, सोडून बाजूला व्हायचं. हे तिन्ही आपण मिसरूड फुटायच्या आधीपासून शिकलेलो. पण त्या दुपारी महानंदाचे वडील आणि काका मला बघायला मैदानात आले होते. नव्या बाराबंदीला चुण्या पडतील म्हणून मी पट्टा सैल बांधला. तू टोकलंस, मी हसण्यावारी नेलं. वाऱ्यानं शेंडा कलला तेव्हा तू मागून ओरडलास, सोड, चन्या, सोड! मी सोडली नाही. सासरा बघतोय आणि काठी सोडू? मग काठी गेली आणि तिच्याबरोबर मी, मानेवर. आणि मग सगळ्यांनी जे पाहिलं ते एवढंच, की तू माझ्यावर वाकलास, काखेत हात घालून मला उचललंस, बसवलंस, आणि माझी मान ओल्या धोतरासारखी पुढं पडली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पडल्यावर पाय हलत होते म्हणता, मग ज्यानं उचलून बसवलं त्यानं घात केला. आप्पांनी तुझं नाव सांगितलं. तू दाराशीच होतास. मला मान वळवता येत नव्हती, पण तुझी पावलं जिना उतरताना ऐकली. त्याच संध्याकाळी तू अक्कलकोटला मामांच्या दुकानात गेलास, असं कळलं.

आता अव्वाचं. मी घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तेव्हापासून एका ताटात तिनं आपल्या दोघांना भरवलं, त्यामुळं तिनं येण्यात नवल नव्हतं. नवल हे, की ती अपराध्यासारखी आली. उंबऱ्यावरच उभी. आप्पांनी तोंड फिरवलं तरी उभी. मग पदर खोचून तिनं माझे पाय चोळायला घेतले. नऊ महिने, रुद्रप्पा, एक दिवस खाडा नाही. मला अंथरुणाचे व्रण पडू नयेत म्हणून कुशी बदलायची, आणि तीही कशी, डोकं, खांदे, कंबर एका रेषेत, डॉक्टरांनी दाखवली तशी. मला न्हाऊ घालायची, ते सगळं करायची जे आईच करते. तुझं नाव एकदाही काढलं नाही. तुला म्हणते तसं मलाही मगा, लेका, म्हणायची, आणि मगा म्हटलं की तिचा आवाज बारीक व्हायचा. एकदा आप्पांना म्हणाली, माझ्या लेकानं मोडलं, ते मीच नको का सांधायला. मी ऐकलं. डोळे मिटून झोपल्याचं सोंग घेतलं.

परवा यंदाचे काठीवाले घरी आले. मीच बोलावलं होतं. म्हटलं, पेलायचं तुम्ही जाणता, पण पडलेल्याला उचलायचं कसं ते माझ्याकडून शिका, एवढं एक मी मोलानं घेतलंय. अंगणात दाराची फळी काढली, एकाला उताणा निजवला. पहिल्यानं उशाशी बसून डोकं दोन्ही हातांत धरायचं, बाकीच्या तिघांनी एका आवाजात, एका वेळी, लाकडाचा ओंडका वळवावा तसा वळवायचा, फळी सरकवायची, मानेला दोन्हीकडून धोतराच्या गुंडाळ्या. आणि तो कितीही म्हणाला मला उठवा, तरी उठवायचं नाही. हे मी दोनदा सांगितलं. अव्वा हुग्गीची, गव्हाच्या खिरीची वाटी घेऊन पायरीवर बसली होती. सगळं टक लावून बघत होती. ती माणसं गेल्यावर मला भरवता भरवता म्हणाली, एवढंच व्हय रे? एवढं माज्या रुद्रीला कुणी सांगितलं असतं तर! आणि रडायला लागली. नऊ महिन्यांत पहिल्यांदा.

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, अव्वा, त्यानं आपल्या मनानं नाही उचललं. मीच म्हणालो होतो, उचल म्हणून. लोक बघताहेत, मला बसव म्हणून. तिचा चमचा हातातच राहिला. मग वाटी खाली ठेवली, पदरानं माझं तोंड पुसलं, नेहमीसारखंच पुसलं, आणि निघून गेली. काल आली नाही. आज मी काठी टेकत, भिंती धरत तुमच्या दारापर्यंत गेलो. एवढं लांब पहिल्यांदाच. कडी लावलेली. शेजारची चंद्रव्वा म्हणाली, अव्वा सकाळच्या मोटारीनं गेली की अक्कलकोटला, लेकाकडं. ओट्यावर टेकलो तिथंच. तुमच्या ओट्यावर एकट्यानं मी आयुष्यात पहिल्यांदा बसलो असेन. रडलो, कशाला लपवू.

म्हणजे हे पत्र पोचेल तेव्हा ती तुझ्यापाशी असेल, आणि मी उचलायला सांगितलं हे तिनं तुला सांगून झालं असेल. मग लिहितोय कशाला? तिला मी अर्धंच सांगितलंय म्हणून. तू नाही म्हणाला होतास. गिरणीत प्रथमोपचाराचा वर्ग केला होतास तू, तुला सगळं ठाऊक होतं. माझ्या कानाशी वाकून तू दोनदा म्हणालास, हलू नगंस, मानेला लागलंय, फळी आणतो. मी तुला भेकड म्हणालो. माझं लग्न मोडायला बघतोस म्हणालो. तरी तू हात लावेनास. तेव्हा मी म्हणालो, तुला अव्वाची शपथ हाय, उचल. मग तू उचललंस. जिच्या शपथेनं तुझे हात मी बांधले, तिच्याच हातून नऊ महिने पाय चोळून घेतले, आणि परवा तोंडाशी आलं तरी एवढं मला सांगता आलं नाही. तूही कुणाला सांगितलं नाहीस, आप्पांना नाही, डॉक्टरांना नाही, मला वाटतं तिला तर कधीच सांगणार नाहीस. तिला वाचता येत नाही. म्हणून हे पत्र तिला मोठ्यानं वाचून दाखव. त्यावर तिनं यावं की न यावं, तू यावंस की न यावंस, हे तुमचं तुम्ही ठरवा. दार मी उघडं ठेवतोय. वाचताना ती शपथेची ओळ तू गाळशील, मी तुला ओळखतो. गाळू नकोस. तुला कुणाची शपथ मात्र आता मी घालणार नाही.

तुझाच,
चनबसप्पा