तिपाईवरची दुर्बीण

धंतोली, नागपूर
२९ एप्रिल १९७६

प्रिय पुष्पलता,

रविवार, २५ एप्रिल, सकाळी सव्वादहा. यमुताई जर्मनीहून, मुलाकडून परतल्या आणि तू त्यांच्याबरोबर दिलेलं खोकं घेऊन आल्या. त्यांच्यासमोरच ते उघडलं. आत दोन डोळ्यांची दुर्बीण. पत्राच्या सुरुवातीला मी तुझं पूर्ण नाव लिहिलं आहे, त्यावरून माझा पारा किती चढला आहे ते तुला कळलंच असेल.

मी काय मागितलं होतं? एका डोळ्याची, तिपाईवर बसणारी, जिला तुमच्याकडे स्पॉटिंग स्कोप म्हणतात ती. डोळा लावायची नळी वरच्या बाजूला वाकलेली, म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाने मान जराशी खाली घातली की झालं. वीसपट पुरे, साठपट नको, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात हवा उकळत असते आणि साठपट केली की ती उकळणारी हवाच साठपट दिसते. हे मी दोनदा कळवलं, दुसऱ्यांदा खाली रेघ ओढून. सबंध नोकरीत मी साहेबांची डिक्टेशनं घेतली. त्यांचं व्याकरण मी सुधारत असे, सिस्टरांनी कॉन्व्हेंटात तेवढं शिकवलं होतं, पण त्यांनी टेबल म्हटलं तर मी कधी खुर्ची टाइप केली नाही. तू केलीस.

वर ती चिठ्ठी. बाबांना आता काय कळणार आई, ही हलकी आहे, तुलाच वापरता येईल. मी माझ्यासाठी मागितली होती का? पक्षी तुझ्या बाबांचे. रेंजर म्हणून सारा जन्म जंगलात काढलेला माणूस, अर्धांगाचा झटका आल्यापासून, म्हणजे नोव्हेंबरपासून, एका खिडकीशी बसून आहे. उजवा हात जिथे ठेवावा तिथे पडून राहतो. तुझ्या या दुर्बिणीला दोन हात लागतात, एक धरायला आणि एक चक्र फिरवायला. त्यांच्याकडे एकच आहे आणि तोही थरथरतो. दुकानात उभी असताना एवढं तुझ्या मनात यायला हवं होतं.

खिडकीसमोर, रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाच्या ढोलीत यंदा राखी धनेशाच्या जोडीने घर केलं आहे. तू लहान असताना बाबांनी तुला खांद्यावर बसवून असंच एक घरटं दाखवलं होतं. मादी ढोलीत शिरते, तोंड लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि नर दिवसभर फळं आणून तिला भरवतो. तिला आत कंटाळा नाही का येत, असं तू विचारलंस. 'हाव, येत असन ना,' म्हणाले. मी तिथल्या तिथे टोकलं, मुलीसमोर तरी 'हो' म्हणा. यातून काही अर्थ काढू नकोस. मी तुला पक्ष्यांबद्दल लिहिते आहे.

आता तेवढाच एक शब्द त्यांच्याकडे उरला आहे. चहा देऊ? हाव. ऊन लागतं का? हाव. डॉक्टरांनी गेल्या महिन्यात मुद्दाम विचारलं, तुमचं नाव गणपतराव की शालिकराम? हाव. डॉक्टर हसले. माणूस वाईट नाही, पण ते हसणं मला लागलं. तुझी पंचफुला आत्या उमरेडहून आली होती, ती मात्र त्यांच्या पायाशी बसून ठासून सांगत होती, 'दादाले समदं समजते वं वहिनी, तो बोलून नाही राहिला एवढंच.' आणि तुझ्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तू त्याच आत्याचं नाव घालून मोकळी झालीस. बाबांना जूनपासून तीन महिने उमरेडला ठेव, तू इकडे ये, जरा विश्रांती घे, त्यांना फरक कळणार नाही. हे तू इतक्या सहज लिहिलंस की मला आधी अक्षर तुझं आहे का ते बघावं लागलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सोमवारी सकाळी राग गिळून मी तुझी दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली. नर नुकताच ढोलीशी आला होता. दिसतंय का, म्हणून विचारलं. 'हाव.' पुष्पा, कितीतरी महिन्यांनी मी हसले. मग दुर्बीण खाली घेतली, तर पुढच्या भिंगांवरची काळी झाकणं तशीच होती. त्या मिट्ट काळोखाला ते हाव म्हणाले होते. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, की डॉक्टरांचं हसणंच खरं, हे मला कळत नाही, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तिपाईवरची असली तर मी आधी बघून नेम धरून ठेवीन, मग ती हलणार नाही. त्यांचा डोळा तिला, आणि तुझी ही माझ्या डोळ्यांना. चोच फटीतून बाहेर आली की ते काय म्हणतात आणि फट रिकामी असताना काय म्हणतात, एवढंच मला ऐकायचं आहे. जून लागला की मादी भिंत फोडून बाहेर येईल, मग विचारायला काही राहणार नाही. यमुताईंचा मुलगा २४ मेला तिकडून निघतो आहे. दुर्बीण त्याच्याबरोबर येते की नाही, याचं लेखी उत्तर मला २० मेच्या आत मिळालं पाहिजे. ट्रंक कॉल नको, तू रडतेस आणि काही ऐकू येत नाही. मी तिकडे यायचं की नाही, ते बाबा सांगतील, डॉक्टर नाही आणि तूही नाही. एका शब्दाचं कार्ड चालेल. 'हाव' लिहिलंस तरी मी ते सुधारणार नाही.

तुझीच,
आई