दुकानात न निघालेलं नाव

बुधवार, रात्रीच्या जेवणाआधी. लोधीपुरा.

आज फजिती झाली, अन् ती मीच केली. सून रेखा सुटे भाग जोडून घरातच गाणी बनवायचा कम्प्युटर उभा करतेय. तिला पहिलंच काम मिळालंय, गुलाबाईच्या सणाचं गाणं. उद्या सकाळी द्यायचंय. दुपारी म्हणाली, "आई, फक्त जास्तीची एक रॅम राहिली. चिठ्ठी देऊ?" मी म्हटलं, "काही नको, एवढी म्हातारी नाही झाले!"

दुकानात जीभच वळेना. माझ्या तोंडी त्या शब्दाला काना लागतो, अन् तो सरळ ह्यांचंच नाव होतो. लग्नापासून कधी घेतलं नाही. हे जाऊन बारा वर्षं झाली, तरी नाही.

दुकानदार म्हणाला, "अम्मा, नाम तो बताओ."

"नावाचीच तर पंचाईत आहे रे भाऊ! गाणं ज्यात राहतं ना, ते दे."

त्यानं पेनड्राइव्ह दिला.

रेखा आधी हसली, मग चिठ्ठी लिहायला बसली. चिठ्ठी घेऊन परत धावले, तर शटर खाली. आता तिचं गाणं दर ओळीला अटकतंय, अन् मी इथं स्वयंपाकघरात ऐकत बसलेय. एक नाव नाही निघालं माझ्याच्यानं?

आत्ता भिंतीकडे तोंड करून म्हणायला गेले. ओठ उघडले, पण नावाआधी हातानंच डोक्यावर पदर ओढला.