आपल्या घराची ओळ

मिलिंद,

आज आईंच्या पदराला रक्त दिसलं. थुंकी तपासायला त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जाते आहे. खोकला दोन महिन्यांपासून आहे म्हणाल्या. "तू दिवसभर लोकांचे खोकले लिहितेस, घरी परत माझा कशाला? शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाट सुरू झाला की मी खोकून घ्यायचे."

टीबीच्या सर्वेक्षणात आशाताई म्हणून मी कामतघर वस्तीतली दोनशे घरं विचारून लिहिली. आपलं घर तेवढं स्वयंपाक करता करता, कुणालाच न विचारता लिहिलं. खोकला : नाही.

कुकरमध्ये भात आहे. सोनल शाळेतून आली की तिला जेवू घाल आणि दवाखान्यात घेऊन ये. ती रोज आईंच्या कुशीत झोपते. तिला खोकला आहे का, हेही मी विचारलेलं नाही.

संघरत्ना