गायरानातली फवारणी

माय, आपल्या गायरानावर यंदा तणनाशक मारलं. गाजरगवत मेलं. एवढंच लिहायला बसले होते, पण हे दोन वाक्यांत संपलं आणि पेन हातातच राहिलं, म्हणून पुढचंही लिहिते.

तू गेलीस तेव्हा मी कृषी सहायक म्हणून नुकतीच लागले होते, लांबच्या तालुक्यात. बदल्या होत होत आता भोकरदनला आले आणि आपलं गाव माझ्याकडे आलं. तुझ्यासोबत गुरं राखलेल्या बायका मला चारचौघांत मॅडम म्हणतात आणि घरात गेलं की पोरी म्हणून चहा देतात. शेत आता तुझा धाकटा करतो. गायरानाला लागून जो तुकडा आहे, त्यात अजूनही कपाशीच असते.

मला तू बहुतेक वेळा चुलीपुढं दिसतेस. पावसाळ्याचे दिवस आहेत, तू भाकरी थापते आहेस आणि मधूनच हात उलटे करून लुगड्याला घासते आहेस. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, मनगटापर्यंत कातडं काळं आणि जाड झालंय, पापण्या सुजल्यात. मिरच्या मी कांडायची, कारण ठेचा केला की तुझे हात दिवसभर आगीसारखे व्हायचे. गाई गायरानातून आल्या की दूध कडू लागायचं. बाप्पू ते ओतून द्यायचे नाहीत, गूळ टाकून प्यायचे. आम्ही पोरं तर गाजरगवताच्या पांढऱ्या फुलांवर खूश होतो. एकदा बाहुलीच्या लग्नात मी त्या फुलांच्या मुंडावळ्या केल्या होत्या. तू डोक्यावर सरपण घेऊन आलीस, सरपण न उतरवताच बाहुली हिसकून उकिरड्यावर फेकलीस आणि म्हणालीस, "राखेनं हात धू आधी. त्या फुलाला हात लावलेला दिसला तं घरात घेणार न्हाई." मी खूप रडले. बाहुली तू परत आणून दिली नाहीस.

डॉक्टरांनी तुला सांगितलं, याच गवताची ॲलर्जी आहे, दमाही त्यानंच वाढतो, त्याच्यापासून लांब राहा. तू त्यांना विचारलंस, "लांब म्हंजी कुठं राहू? ते तं दारापस्तोर आलंय." डॉक्टर हसले. तू हसली नव्हतीस. पुढं मी पहिल्या पगारात तुला जालन्याहून रबरी हातमोजे आणले. तू ते एकदा घातलेस, बांधावरची दोन झाडं उपटून पाहिलीस आणि काढून माझ्या हातात दिलेस. "बुडाला पकड येत न्हाई यानं." मग बाप्पूंचा जुना फुल शर्ट लुगड्यावर चढवून, तोंडाला दस्ती बांधून, उघड्या हातांनी उपटत राहिलीस. गाजरगवत वर चढलं की खाली चारा उरत नाही आणि चारा नसला की गुरं विकावी लागतात, एवढाच तुझा हिशेब होता. गायरान सगळ्या गावाचं होतं, पण उपटणाऱ्या तू आणि तुझ्या दोन मैत्रिणी.

त्याच पावसाळ्यात तू गेलीस. टेम्पोत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि धाकटा पुढं ड्रायव्हरजवळ बसून सारखा मागं बघत होता. तुला बोलण्याइतका श्वास नव्हता. दवाखाना यायच्या आधीच श्वासाचा आवाज बंद झाला. मी ड्रायव्हरला सांगितलं, आता सावकाश चालवा. मला वाटलं होतं रडू नंतर येईल.

यंदा ग्रामपंचायतीनं ठरवलं की गाजरगवत फुलावर यायच्या आत गायरान फवारून घ्यायचं. औषध मीच सुचवलं. ते रुंद पानांचं तण मारतं, गवताला काही करत नाही, म्हणून चराईच्या जमिनीला बरं. पण कपाशीही रुंद पानांचीच. वाऱ्यानं नुसता तुषार उडाला तरी तिची पानं आखडतात. म्हणून धाकट्याच्या बांधालगत रुंद पट्टी सोडायची, तिथलं गाजरगवत मजूर लावून हातानं उपटायचं आणि बाकीचं सकाळी वारा पडलेला असताना फवारायचं, असं मी सांगितलं. गुरं किती दिवस सोडायची नाहीत ते भोंग्यावरून गावाला ऐकवलं.

उपटायला कोणी आलं नाही. मी बायकांच्या दारात गेले. तुझी मैत्रीण, शेजारची काकू, ओट्यावर शेंगा फोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "दुसरं काय बी सांग पोरी. ह्येला हात लावणार न्हाई आम्ही. तुझ्या मायचं पाह्यलंय." मी बरं म्हटलं आणि शेंगा फोडायला बसले.

शेवटी ती पट्टी मी आणि धाकट्यानं उपटली. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल, सगळं घालून. तू म्हणालीस तसंच आहे, पकड येत नाही, खोड हातातून निसटतं. धाकटा तू गेल्यापासून गायरानात पाय ठेवत नव्हता, हे मला तेव्हाच कळलं. आम्ही पाठीला पाठ लावून काम केलं. तो एकदाच बोलला. "ताई, तुला मायचा आवाज आठवतो का?" मी म्हटलं, "आठवतो." तो म्हणाला, "मला खोकलाच आठवून राह्यला."

फवारणीच्या दिवशी सकाळ शांत होती. जेवणवेळेच्या आधी वारा सुटला. मी पंप उतरवायला सांगितले. सरपंच म्हणाले, "मॅडम, पंपात औषध भरलेलं हाय. थोडंच राह्यलं. जल्दी उरकून घेऊ." मी नाही म्हणाले, आणि माणसं झाडाखाली जाऊन बसली. उरलेलं दुसऱ्या सकाळी झालं. पण मी थांबवायच्या आधी जे उडायचं ते उडालं होतं. आठवड्याभरानं धाकटा माझ्या ऑफिसात आला आणि त्यानं कपाशीचा शेंडा टेबलावर ठेवला. पानं मिटून, लांबट होऊन कोंबडीच्या पायासारखी झाली होती. "तू तं म्हणली होती बराबर होईल म्हणून," एवढंच तो म्हणाला. मी पाहणीला गेले. बांधाकडच्या ओळी आखडल्या होत्या, आत पीक चांगलं होतं. मी त्याला सांगितलं, नवी पालवी सरळ येईल, बोंडं मात्र कमी लागतील. ऑफिसात शेतकऱ्यांशी बोलते त्याच आवाजात मी हे सांगितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि बैलाला पाणी दाखवायला निघून गेला. पोळ्याला त्यानं मला बोलावलं नाही. मीही गेले नाही.

गाजरगवत आधी वाकलं, मग पिवळं पडलं, मग तपकिरी होऊन उभं राहिलं. त्याच्यासोबत तरवडही गेला, तू आणायचीस ती तांदुळजाची भाजीही गेली. काकूनं मला ते सांगितलं, तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं. पाऊस परत चांगला झाला आणि मोकळ्या जागेतून मारवेलाचं गवत वर आलं. मग धाकट्याचा फोन. "कपाशी सुधारली. अन् गवत गुडघ्याला लागलंय. गुरं सोडायलेत आज. ये."

मी गेले. दुपारच्या आत सगळ्या गावाची जनावरं गायरानात होती. गाई मान खाली घालून एका जागी उभ्या राहून खात होत्या, पूर्वीसारख्या तोंड घालून पुढं सरकत नव्हत्या. गाजरगवताचं बी जमिनीत आहे, पुढच्या वर्षी पुन्हा उगवेल, हे मला माहीत आहे, पण तिथं ते बोलायची वेळ नव्हती. काकू माझा हात धरून म्हणाली, "तुझी माय पाह्यजे होती आज," आणि तिला रडू आलं. धाकट्यानं तोंड फिरवलं. मी मान हलवली, तिच्या पाठीवरून हात फिरवला. लोकांना वाटलं, मॅडम मोठ्या धीराच्या आहेत.

तू समोर असतीस तर हे तुला सांगितलं नसतं, आणि हा कागद कुठं जाणार नाही म्हणून सांगते. त्या वेळी माझ्या मनात तू नव्हतीस, माय. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि धाकट्याच्या घरी पिठलं केलेलं असेल का, याचाच मी विचार करत होते.